आमचे टिळक, त्यांचे टिळक

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब तारकर्लीला गेलो होतो. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी! उतरलो होतो एका ख्रिस्ती कुटुंबात. यजमान मालवणचे, होडीवाले; बाईंचे माहेर अहमदनगरकडचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे. दारात पणती लावावी की नाही, असा संकोच आमच्या हिला पडला होता. तर बाईंनीच तेलाची बाटली आणून पुढे ठेवली.

तिन्हीसांजेला पडवीतून अभंगाचे सूर आले. ठेका आपल्या भजनाचा, पण नाव विठ्ठलाचे नव्हते, ख्रिस्ताचे होते.

"कोणाचा हो हा अभंग?" मी विचारले.

"टिळकांचा. तुम्ही तर कॉलेजात मराठी शिकवता ना?"

मी ओशाळलो. रेव्हरंड ना. वा. टिळक मी सोळा वर्षे शिकवीत आलो आहे. पण फुलामुलांचे कवी म्हणून! त्यांची 'अभंगांजली' मी कधी वर्गात नेली नाही. न जाणो, एखादा पालक म्हणायचा, मास्तर धर्मप्रचार करतात!

बाई हसून म्हणाल्या, "मग तुम्ही कुठले टिळक शिकवता?"

रात्रभर समुद्राबरोबर तो प्रश्नही गाजत राहिला.

धर्मप्रसार म्हटला की आम्हां कोकणच्या माणसांना शेजारचा गोवा आठवतो. 1560 साली तेथे आलेले इन्क्विझिशन आठवते. ती आठवण खोटी नाही. पण त्याच गोव्यात फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने मराठी ओव्यांत 'क्रिस्तपुराण' रचले आणि 1616 मध्ये ते छापले गेले. सत्तेने माणसे वाकवता येतात. त्यांच्या मनात शिरायचे तर त्यांच्याच भाषेच्या दारातून जावे लागते.

टिळकांना हे पुरते उमगले होते. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा हिंदूच राहिल्या, वर्षानुवर्षे दुरावल्या. पण टिळकांनी आपला धर्म त्यांच्या गळ्यात बांधला नाही. जातिभेद माणसाने केला की देवाने, याचा विचार त्यांनी स्वतःच केला आणि 1900 मध्ये त्या आपल्या पायांनी आल्या. टिळकांनी ख्रिस्ताला साहेबी पोशाखातून बाहेर काढले, टाळमृदंग दिले, कीर्तनाला उभे केले. 1917 मध्ये मिशनची नोकरीही सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. दोनच वर्षांत ते गेले.

त्यांचा धर्म आपण स्वीकारावा असे मुळीच नाही. मी पंढरीचाच! पण ज्या ध्यासापायी त्या माणसाने घरदार, जात, गणगोत पणाला लावले, तोच गाळून उरलेली फुले मुलांना हुंगायला द्यायची, याला शिकवणे कसे म्हणावे? तुकोबांतून विठ्ठल काढून पाहा, काय उरते!

सकाळी यजमान म्हणाले, "मास्तरानू, च्या घेवा." चहा घेता घेता मी बाईंकडून तो अभंग उतरून घेतला.

"पण एक अट आहे," त्या म्हणाल्या. "वर्गात नुसता वाचायचा नाही. म्हणायचा!"

माझा आवाज ठाऊक असल्यामुळे आमची ही तेवढी गप्प राहिली.