मोटार जळाली म्हणजे विहीर आटली नव्हे



खते, बियाणे आणि कीड-रोग यांच्या सदरात आज एक निराळा विषय घेतला आहे. कारण वाचकांकडून वारंवार एकच विचारणा होते : "घरचा जुना कॉम्प्युटर सुरू होत नाही. त्यात आठ-दहा वर्षांचे हिशेब आणि फोटो आहेत. दुकानदार म्हणतो नवीन घ्या. जुन्यातले सगळे गेले का?"

याचे थोडक्यात उत्तर असे, की बहुतेक वेळा काहीही गेलेले नसते. विहिरीवरची मोटार जळाली म्हणून विहीर आटत नाही. कॉम्प्युटरचेही तसेच आहे. वीजपुरवठा करणारा पॉवर सप्लाय, मुख्य पाटी म्हणजे मदरबोर्ड आणि विंडोज ही झाली मोटार. तुमच्या फाइली राहतात त्या हार्ड डिस्कवर. ती आतील एक स्वतंत्र डबी असते आणि चार स्क्रू काढले की बाहेर येते. मोटार बिघडली तरी विहिरीतले पाणी दुसऱ्या पंपाने उपसता येते, तशा डिस्कवरील फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेता येतात.

यंदाच्या उन्हाळ्यात एक भगिनी कार्यालयात आल्या होत्या. पती वारून दीड वर्ष झाले होते. मोसंबीची बाग, थोडी कपाशी. "साहेब, ते सगळं कॉम्प्युटरातच लिहीत होते. कुणाचे किती द्यायचे, कुणाकडून किती यायचे, पाइपलाइन कुठून नेली, सगळं त्यातच. आता तो लागत नाही. दीर म्हणतात, भंगारात देऊन टाकू." मी म्हटले, "ताई, पेटी भंगारात द्या हवी तर, पण आतली डबी काढल्याशिवाय देऊ नका." तालुक्याच्या एका कारागिराने पाहिले, तर फक्त पॉवर सप्लाय जळाला होता. डिस्क धडधाकट होती. संध्याकाळपर्यंत फाइली उतरल्या. बांधाखालचा व्हॉल्व्ह नेमका कुठे पुरला आहे, हे त्या घरात दुसऱ्या कुणालाही ठाऊक नव्हते. ते त्या आराखड्यात निघाले. उसनवारीची यादीही निघाली. त्यात येणे होते तसे देणेही होते, आणि ताईंनी दोन्ही वहीत उतरवून घेतले.

आधी रोग ओळखावा

प्रथम भिंतीतला प्लग, वायर आणि पडद्याची केबल तपासावी. पुष्कळदा दोष तिथेच सापडतो. त्यानंतर पुढील लक्षणे पाहावीत.

१) दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही : बहुधा पॉवर सप्लाय गेला आहे. फाइलींना सहसा धोका नाही.

२) पंखा फिरतो, पण पडदा काळा आणि आतून 'बीप' असा आवाज येतो : रॅमची पट्टी सैल झाली असेल किंवा तिच्या टोकावर मळ बसला असेल. वीज बंद करून पट्टी काढावी, सोनेरी टोक खोडरबराने हलकेच पुसावे आणि घट्ट बसवावी. कित्येक यंत्रे एवढ्यावरच चालू होतात.

३) विंडोजचे चिन्ह येते आणि तिथेच अडते, किंवा निळा पडदा येतो : विंडोज बिघडलेले असू शकते, तसेच डिस्कही थकलेली असू शकते. पुन्हा पुन्हा चालू-बंद करीत बसू नये. आधी फाइली काढाव्यात, दुरुस्ती मागाहून.

४) डिस्कमधून 'टक्-टक्' किंवा खरखर असा आवाज येतो : यंत्र ताबडतोब बंद करावे. येथे विहिरीलाच इजा झाली आहे. प्रत्येक वेळी चालू करताना नुकसान वाढते. अशी डिस्क डेटा परत मिळवून देणाऱ्या खास प्रयोगशाळेकडेच द्यावी. खर्च मोठा असतो, म्हणून आत काय आहे ते पाहून ठरवावे. डिस्कचे झाकण घरी उघडू नये, कारण धुळीचा एक कणही तिला पुरतो. डिस्क फ्रिजमध्ये ठेवण्याचा उपाय कोणी सांगितला तर तोही करू नये.

दुकानदाराला काय सांगावे

सर्वांत जास्त नुकसान बिघाडाने होत नाही, ते घाईच्या दुरुस्तीने होते. दुकानात यंत्र दिले की 'फॉरमॅट मारून' नवीन विंडोज घालणे हा सोपा मार्ग असतो. यंत्र चालू होते, पण दप्तर पुसले जाते. म्हणून पावतीवरच लिहून घ्यावे : "डिस्क फॉरमॅट करू नये, आतील फाइली हव्या आहेत." तोंडी सांगितलेले गर्दीत विसरले जाते.

फाइली कशा उतरवाव्यात

काम घरी करणार असाल तर प्रथम प्लग काढावा, मग चालू करायचे बटण चार-पाच सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. पॉवर सप्लायची पेटी मात्र कधीही उघडू नये. तिच्यात वीज साठून राहते.

डिस्क काढल्यावर तिचे तोंड पाहावे. रुंद चपटी पट्टी आणि चाळीस टाचण्यांची जोडणी असेल तर ती जुन्या, आयडीई पद्धतीची डिस्क. अरुंद, इंग्रजी 'एल' अक्षरासारखी खाच असेल तर साटा पद्धतीची. त्याप्रमाणे यूएसबीला जोडणारा अडॅप्टर घ्यावा. लॅपटॉपची अडीच इंची साटा डिस्क सहसा यूएसबीच्या विजेवरच चालते. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला मात्र १२ व्होल्टची वेगळी वीज लागते, तेव्हा चार्जरसह मिळणारा अडॅप्टरच घ्यावा.

डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की कधी कधी पडद्यावर प्रश्न येतो : 'डिस्क फॉरमॅट करायची का?' येथे नाही म्हणावे. हा प्रश्न आला तर काम थांबवून जाणकाराला दाखवावे.

डिस्क उघडली तर आधी व्हायरसची तपासणी करावी. मग फाइलींची नक्कल करावी, म्हणजे 'कॉपी'. 'कट' करू नये. मूळ प्रत जागच्या जागी राहिली पाहिजे. नक्कल करताना क्रम असा ठेवावा, की जे पुन्हा मिळणार नाही ते आधी. सातबाऱ्याचा उतारा पुन्हा काढता येतो, पण वडिलांनी लिहिलेल्या छाटणीच्या आणि फवारणीच्या नोंदी पुन्हा मिळत नाहीत.

शोधायचे कुठे? जुन्या विंडोज एक्सपीत 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' या फोल्डरात, आणि विंडोज ७ पासून पुढे 'युजर्स' या फोल्डरात तुमच्या नावाखाली. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइलीही तिथेच असतात. दूध संस्थेचा किंवा दुकानाचा हिशेब टॅलीत असेल तर टॅलीच्या फोल्डरातील 'डेटा' हा भाग पूर्ण उचलावा. त्यात आकड्यांच्या नावांचे फोल्डर असतात, त्यांची नावे बदलू नयेत.

मराठी अक्षरे हरवू नयेत म्हणून

ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आपल्याकडे श्री-लिपी, आकृती अशा संचांतील फॉन्ट वापरून मराठी टाइप करीत. ती फाइल नव्या यंत्रावर उघडली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. माणसे म्हणतात, फाइल खराब झाली. फाइल चांगली असते, फक्त फॉन्ट नसतो. म्हणून जुन्या डिस्कवरील 'विंडोज' फोल्डरातला 'फॉन्ट्स' हा फोल्डरही बरोबर उतरवून घ्यावा. त्यातील हवा तो फॉन्ट नव्या यंत्रावर बसवला की बहुधा मजकूर पुन्हा वाचता येतो.

डिस्क न काढता

यंत्र चालते पण विंडोज लागत नाही, अशा वेळी पेन ड्राइव्हवरून चालणारे लिनक्स, जसे उबुंटू, उपयोगी पडते. ते फुकट मिळते. सुरू होताना 'ट्राय' हा पर्याय निवडावा. 'इन्स्टॉल' निवडले तर डिस्क पुसली जाऊ शकते. जुना एक्सपीचा कॉम्प्युटर चालू झालाच, तर त्याला इंटरनेट जोडू नये. त्याची सुरक्षा-दुरुस्ती एप्रिल २०१४ मध्येच थांबली आहे. पेन ड्राइव्हनेच फाइली काढाव्यात.

अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असते. ते ४८ आकडी किल्लीशिवाय उघडत नाही. ही किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. यंत्र चांगले असतानाच ती कागदावर उतरवून कपाटात ठेवावी आणि घरातील आणखी एकाला सांगावी.

पुराचे पाणी शिरले तर

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडकडे घराघरांत पाणी शिरले. अशा वेळी भिजलेला कॉम्प्युटर चालू करून पाहण्याचा मोह टाळावा. उन्हात किंवा चुलीजवळ वाळवूही नये. डिस्क काढून तशीच प्रयोगशाळेकडे न्यावी.

काम झाल्यावर

उतरवलेल्या फाइलींपैकी दहा-पंधरा उघडून पाहाव्यात. नावे दिसतात म्हणजे फाइली शाबूत आहेत असे नव्हे. मग दोन प्रती कराव्यात आणि दोन ठिकाणी ठेवाव्यात, एक घरी आणि एक लेकीकडे किंवा भावाकडे. आपण सगळे बियाणे एका कणगीत ठेवत नाही, मग हिशेब तरी का ठेवावा? वर्षातून एकदा, पाडव्याला म्हणा हवे तर, त्या प्रती उघडून तपासाव्यात. जुनी डिस्क महिनाभर जपावी. भंगारात द्यायची तर तिच्यात बँकेचे आणि आधारचे कागद राहिले नाहीत याची खात्री करावी, नाहीतर ती फोडूनच द्यावी.

आज घरी अशी एखादी बंद पेटी पडून असेल, तर या आठवड्यात तिच्यावर एक चिठ्ठी चिकटवावी : "आत हिशेब आहे. विचारल्याशिवाय देऊ नये." बाकीचे काम सवडीने झाले तरी चालेल.