पाडव्याला साल ठरवताना

होळी आटोपली की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पारावर एकच विषय निघतो : यंदा साल केवढ्याला ठरलं? गुढीपाडव्याला जुन्या सालदाराचं साल भरतं आणि नवं सुरू होतं. आता आकडा लाखावर गेलाय, वर ज्वारी-गहू वेगळा, म्हणून मालक कपाळाला हात लावतात. लावोत बापडे. पण त्या आकड्याखेरीज सालदाराचं आणखी काय ठरतं, ते आज पाहू.

जुन्या वाड्याचा पसारा आठवा. आपला जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १८६५ च्या नियमांनी इंग्रज सरकारने इथल्या पडीत जमिनीची गावंच्या गावं इजाऱ्याने दिली. अजूनही कित्येक गावांच्या नावाला 'इजारा' चिकटलेला आहे. इजारदाराचा किंवा देशमुखाचा वाडा म्हणजे लहानसं संस्थानच. दिवाणजी, बंडी हाकणारा, गुराखी, पाणी भरणारी, धान्य पाखडणारी, आणि या सगळ्यांचा कणा म्हणजे सालदार. पहाटे बैलांना कुटार टाकायचं, दिवसभर वखर नाही तर डवरा, आणि रात्री पुन्हा वावरात जागलीला. त्याची बायको वाड्यावर सडा-सारवण करी, शेण काढी. पोरगं वासरांमागे फिरे. साल एकाचं, राबणारे तिघं! कागदावर मात्र कोणीच नाही, कारण कागदच नव्हता.

१९५१ मध्ये इजारे गेले. पुढे १९६१ चा कमाल जमीन मर्यादेचा कायदा आला आणि मोठे वाडे ओसरले. सालदार मात्र राहिला. आज तो दहा-पंधरा एकरवाल्याच्या घरीही असतो, म्हणून ही गोष्ट देशमुखांची नाही, तुमची-आमची आहे.

पोळ्याच्या दिवशी त्याचा थाट बघावा. बैल मालकाचे, पण कासरा सालदाराच्या हाती. नवे कपडे घालून तो तोरणाखालून जोडी काढतो, दारोदार नेतो, आयाबाया बैलांचे पाय धुऊन ओवाळतात आणि त्याच्या हातावर बोजारा ठेवतात. कित्येक घरांत त्या दिवशी त्याला बसवून पुरणपोळी वाढतात. सुरेख रिवाज आहे, मोडू नका. फक्त पोळ्याचा मान सालाच्या हिशेबात धरू नका.

असला बोलीचा करार आपल्याकडेच होता असं समजू नका. दूर स्कॉटलंडमध्ये जमीनदारांच्या शेतांवर असेच गडी राबत. त्यांच्या भरतीचे बाजार भरत. तिथे मालक माणूस निवडी आणि हातावर एक नाणं ठेवी, आपल्या विसारासारखं. नाणं घेतलं की गडी मुदतभर बांधला गेला. सड्या गड्यांना राहायला एक खोली आणि खायला ओटचं पीठ. लग्न झालेल्या नांगऱ्याला घर मिळे, पण दक्षिणेकडच्या भागात अट अशी की त्याने शेतावर राबायला एक बाईमाणूसही द्यायचं. म्हणजे तिथेही सालात बाई आलीच! पुढे १९१२ मध्ये त्या गड्यांनी आपली संघटना उभारली.

आपल्याकडे गाडं अडतं ते उचलीपाशी. पोरीचं लग्न, आजारपण, सालदार उचल घेतो. खाडे पडतात, साल भरतं पण उचल फिटत नाही, आणि ती पुढच्या सालावर चढते. मग माणूस त्याच दारात अडकतो. मालकाला वाटतं, पैसे माझे, मग माणूसही माझा. नाही. कर्जापायी माणसाला कामाला जखडणं १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. म्हणून उचल आणि खाडे वहीत मांडा, एक प्रत त्याला द्या. त्याला वाचता येत नसेल तर त्याच्या शाळकरी पोराकडून वाचून घ्या.

आता सर्वांत जिव्हाळ्याचं. २०१७ मध्ये आपल्या जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. त्यांत दुसऱ्याच्या वावरात पंप पाठीवर घेतलेले मजूरही होते. सर्पदंश, वीज, फवारणीची विषबाधा अशा अपघाती मृत्यूला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत दोन लाख मिळतात, पण ते सातबाऱ्यावर नाव असलेल्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला. पंप उचलणाऱ्या भूमिहीन सालदाराचं नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नसतं. तेव्हा हातमोजे, तोंडाला फडकं आणि अंगभर कपडे ही मालकाची जबाबदारी माना. वारा उलटा असला की पंप खाली ठेवायला सांगा, दिवस वाया गेला तरी चालेल.

आणि एक सोपं काम करा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला वीस रुपये आहे. अठरा ते सत्तर वर्षांपर्यंतच्या कोणालाही, बँकेत खातं असलं की घेता येतो, अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. हप्ता दर मेअखेर खात्यातून कापला जातो, म्हणून पाडव्यालाच सालदाराला सोबत घेऊन बँकेत जा. वीस रुपये तुम्ही भरा, सालातून कापू नका. अर्जात वारसाचा रकाना असतो, तिथे त्याच्या बायकोचं नाव पूर्ण लिहा, आधार कार्डावर आहे तसंच.