डब्लिनमधलं माझं मत आणि पुण्यातला आमचा वॉचमन

जानेवारीत पुण्यात महापालिकेचं मतदान झालं तेव्हा मामांनी फॅमिली ग्रुपवर शाई लावलेल्या बोटाचा फोटो टाकला. खाली मला टोमणा: "आम्ही आमच्या देशात मत देतो, तुझ्यासारखं दुसऱ्याच्या घरात नाही."

संदर्भ जुना आहे. ७ जून २०२४ ला, शुक्रवारी सकाळी ऑफिसला जायच्या आधी, मी डब्लिनमध्ये कौन्सिलच्या निवडणुकीत मत दिलं. खिशात भारताचा पासपोर्ट. केंद्र म्हणजे घरामागची प्राथमिक शाळा. ईव्हीएम नाही, शाई नाही. लांबलचक कागद आणि पेन्सिल. नावांपुढे पसंतीने १, २, ३ असे आकडे टाकायचे, आपल्याकडे विधान परिषदेला आमदार टाकतात तसे. तेव्हाही मामांचा फोन आला होता. "अरे, नागरिक नाहीस आणि मत दिलंस? पकडतील ना!"

नाही पकडत. आयर्लंडमध्ये स्थानिक निवडणुकीसाठी वय १८ पूर्ण, राहायला तिथे आणि यादीत नाव, एवढंच लागतं. पासपोर्ट कुठला हा प्रश्नच नाही. संसदेसाठी मात्र आयरिश किंवा ब्रिटिश नागरिकच हवा आणि घटनादुरुस्तीच्या सार्वमतात फक्त आयरिश. मला ही वाटणी अगदी पटते. देशाची घटना काय असावी हे ठरवायला मी कोण? पण माझ्या गल्लीत दिवा लागावा की नाही, यात माझं काही म्हणणं असू शकतं.

आणि दिव्याचंच सांगतो. निवडणुकीआधी एक उमेदवार दारावर आला, पत्रक हातात. माझा चेहरा बघून जरा अडखळला, मग विचारलं, "तुम्हाला मत आहे ना?" म्हटलं, आहे, बायकोलाही आहे. लगेच वही निघाली. ट्रॅमच्या स्टॉपकडे जाणारी पायवाट संध्याकाळी चारनंतर काळोखी असते, ते सांगितलं. हिवाळ्यात इथे पाचच्या आत अंधार. दिवा लागायला चार महिने गेले, पण लागला. मत नसतं तर वही निघाली असती का? मला शंका आहे.

कौन्सिलरच्या हातात फार काही असतं असं नाही. पोलीस, दवाखाने, शाळा त्याच्याकडे नाहीत. कचरासुद्धा डब्लिनमध्ये खासगी कंपन्या उचलतात. उरतात घरं, रस्ते, बागा, वाचनालयं आणि कुठे काय बांधायचं याचा आराखडा. पण रोज पायाखाली येतं ते हेच.

मामांचा ठरलेला मुद्दा: एवढं वाटतं तर नागरिकत्व घे. पाच वर्षं राहिलं की इथे अर्ज करता येतो, खरं आहे. पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. इथला पासपोर्ट घेतला की आपला परत करायचा. गल्लीतल्या दिव्यासाठी एवढी किंमत मागणं मला जास्तच वाटतं. आणि भारतातलं माझं मत? परदेशातल्या भारतीयाला पासपोर्टवरच्या पत्त्यावर नाव नोंदवता येतं, मत द्यायला मात्र स्वतः हजर राहावं लागतं. विमानाचं तिकीट काढून.

मामांना मी एक आठवण करून दिली. पुण्यात २०१७ नंतर थेट २०२६ ला मतदान झालं. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. त्या काळात माझ्यासारख्या परक्याला डब्लिनमध्ये कौन्सिलर होता आणि मामांसारख्या जन्मजात पुणेकराला नव्हता. यावर मामांनी अंगठा पाठवला. वर की खाली, ते सांगत नाही.

गेल्या वर्षी जुलैत टॅला भागात एका भारतीयाला मारहाण झाली, पाठोपाठ आणखी घटना बाहेर आल्या, ऑगस्टमधला इंडिया डे पुढे ढकलला गेला. तेव्हा इथल्या आमच्या ग्रुपवर निम्मे लोक म्हणत होते, गप्प बसू, आपण पाहुणे आहोत. मला तो शब्द झोंबला. पाहुण्याकडून कोणी दरवर्षी प्रॉपर्टी टॅक्स घेत नाही.

आता अवघड भाग. मामांनी विचारलं, "मग आपल्या वॉचमनलाही देशील का मत?"

आमच्या पुण्यातल्या सोसायटीचा वॉचमन नेपाळचा. वीस वर्षं झाली, सगळे त्याला बहादूर म्हणतात, खरं नाव मलाही माहीत नाही, याची आज लाज वाटते. १९५० च्या करारामुळे तो भारतात कायदेशीर राहतो, काम करतो. पाणी कधी येतं, ड्रेनेज कुठे तुंबतं, हे त्याच्याइतकं आमच्यातल्या कोणालाच माहीत नाही. त्याला प्रभागात मत नाही.

मी म्हटलं, हो, देईन. कायदेशीर राहणं, सलग पाच वर्षं, आणि फक्त महापालिका. लोकसभा-विधानसभा नाही. नेदरलँड्समध्ये युरोपियन युनियनबाहेरच्यांना १९८५ पासून साधारण असंच आहे. "म्हणजे बांगलादेशी घुसखोरांनाही?" नाही, कायदेशीर म्हटलंय. पण आपल्याकडे नागरिकांच्याच याद्यांवर एवढे वाद असताना कोण कायदेशीर आणि किती वर्षांचा हे तपासणार कोण, याला माझ्याकडे धड उत्तर नाही. न्यूयॉर्कने असा कायदा केला, तोही २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही, कारण राज्यघटनेत 'नागरिक' असा शब्द आहे. आपल्याकडेही कायदा बदलल्याशिवाय हे होणार नाही, आणि तो लवकर बदलेल असं मला वाटत नाही. पण इथे हक्काने मत द्यायचं आणि तिथे वॉचमनचं नाव निघालं की मान फिरवायची, हे मला जमणार नाही.

डब्लिनमधल्या मराठी मंडळींना एक विचारायचंय. गणपतीत आरतीला जमलेल्यांपैकी किती जणांची नावं यादीत आहेत? मी सहज विचारलं तर बऱ्याच जणांना आपल्याला मत आहे हेच माहीत नव्हतं. पुढची स्थानिक निवडणूक २०२९ ला आहे. पीपीएस नंबर, जन्मतारीख आणि एअरकोड हाताशी असला की नोंदणी ऑनलाइन होते. अडलं तर कमेंटमध्ये लिहा, मी सांगतो.