मामूंच्या तीनचाकीला मोटर

पाठ टेकून, पाय पुढे पसरून चालवायची सायकल आपल्याकडे क्वचितच दिसते. पण ती नवी नाही. 1933 मध्ये फ्रान्सिस फोर नावाच्या फ्रेंच सायकलपटूने अशा बैठकीच्या दुचाकी सायकलीवर तासाभरात 45 किलोमीटरहून थोडे अधिक अंतर कापले आणि जुना विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने ही सायकल शर्यतींतून बाद केली. शर्यतीतून गेली तरी ज्यांची कंबर आणि मनगटे दुखतात त्यांच्या कामाची राहिली, कारण अंगाचा भार हातांवर न येता पाठीवर पसरतो.

आमच्या मामूंकडे तिचा तीनचाकी प्रकार आहे. पुढे दोन चाके, मागे एक. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आमच्या भावाने ती पाठवली. डांबरी रस्त्यावर मामू खुशीत चालवायचे. पण घर वाडीत. मशिदीपर्यंत तीन किलोमीटर, त्यातला अर्धा रस्ता मोकळ्या खडीचा आणि चढाचा. मोटारसायकलवर मागे बसणे पाठीला सोसत नाही. जुम्याला रिक्षा सांगायची, बाकीच्या नमाजा घरीच. "पोरांना रोज पाच वेळा काय सांगायचं?" असे म्हणून ते गप्प बसायचे. मोटर लावायचे ठरले, आणि घरात पहिला वाद झाला तो वॅटवरून.

मुलांना हजार वॅटची हवी होती. आम्ही वही काढून हिशेब मांडला. मामू, सायकल आणि बॅटरी मिळून 110 किलो. शंभर मीटरमागे आठ मीटर उंची गाठणारा चढ ताशी 8 किलोमीटर वेगाने चढायला सुमारे 190 वॅट लागतात. खडीत चाके रुततात त्याचे आणखी पन्नासेक धरा. झाले 240. त्यातले थोडे मामूंचे पाय देणारच, डॉक्टरांनी पेडल मारायला मनाई केलेली नाही. म्हणजे अडीचशेच्या आतली मोटर पुरते, घाई मात्र नसावी. कायदाही इथेच रेषा आखतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे 0.25 किलोवॅटपेक्षा कमी शक्तीची, ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेगाची आणि बॅटरी सोडून 60 किलोपर्यंत वजनाची अशी सायकल मोटार वाहन धरली जात नाही. ब्रेक आणि चमकपट्ट्या हव्यात. हजार वॅट लावले की नोंदणी, परवाना, विमा सगळे मागे लागते.

मोटर कुठे बसवायची, हा त्याहून मोठा प्रश्न. चाकाच्या हबमध्ये बसणारी मोटर स्वस्त आणि लावायला सोपी. पण चढावर चाक हळू फिरते, मोटरही हळू फिरते आणि बरीचशी वीज नुसती तापण्यात जाते. पेडलपाशी बसणारी मोटर साखळीतून जोर देते. हलका गिअर टाकला की चाक सावकाश फिरते, पण मोटर आपल्या चालीने फिरत राहते. आम्ही हीच घेतली. तिचा भुर्दंड साखळीवर पडतो. या सायकलीची साखळी नेहमीच्या सुमारे तिप्पट लांब असते आणि खडीच्या धुळीत लवकर झिजते. मागचे चाक लहान असल्याने गिअर बदलणारा भाग जमिनीलगत येतो. दगड लागून तो वाकू नये म्हणून वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी पट्टीची आड करून घेतली.

साध्या सायकलीवर खड्डा आला की माणूस पेडलवर उभा राहतो. इथे ती सोय नाही, प्रत्येक दणका थेट मणक्याला. म्हणून मोटरच्या आधी रुंद टायर घातले आणि त्यांत हवा जरा कमी ठेवली. ज्यांच्या सायकलीला मागे शॉकअप नाही त्यांनी खडीचा नाद सोडलेला बरा. जोर एकट्या मागच्या चाकावर असल्याने ते मोकळ्या खडीत जागीच गरगरते. बॅटरी बैठकीमागे, त्या चाकाच्या वर बसवल्यावर पकड बरीच सुधारली.

ब्रेक दाबताच मोटर बंद करणारा स्विच वगळू नका. उंच काठीवर केशरी झेंडाही हवाच. बैठक इतकी खाली असते की डंपरवाल्याला माणूस दिसतच नाही.

सर्वांत जास्त पैसे बॅटरीला लागले. हप्त्यावर मिळत होती, पण व्याज नको म्हणून घरातल्या बायकांच्या भिशीचा नंबर येईपर्यंत चार महिने थांबलो. 36 व्होल्ट, 14 अँपिअर-तासांची, म्हणजे 504 वॅट-तास. खडीवर किलोमीटरमागे 25 धरले तर वीस किलोमीटर, मशिदीच्या तीन फेऱ्या. चार्जर तिच्याच जोडीचा वापरायचा. रात्री सगळे झोपलेले असताना किंवा दाराच्या वाटेत चार्जिंगला लावायची नाही.

आता जोहर, असर आणि मगरिबला मामू स्वतः जातात. फजरला मात्र अजून कोणीतरी सोबत असते. काळोखात खडीचा उतार आहे आणि पुढचा दिवा आम्हाला पुरेसा वाटत नाही. यावरून मामू आमच्यावर नाराज आहेत. मोठा दिवा मागवला आहे.