शनिवार तेल्यांची जुनी मशीद

सीएसएमटीहून लोकल पकडली की पहिलं स्टेशन लागतं मशीद. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, मांडवीच्या सॅम्युअल स्ट्रीटवर ज्यूंचं एक सिनेगॉग आहे. नाव 'शाआर हारहमीम', म्हणजे दयेचं दार. मुंबईतलं हे सगळ्यात जुनं सिनेगॉग. आता तुम्ही म्हणाल, ज्यूंचा आणि आपला काय संबंध? तर हे बांधणाऱ्या माणसाचं आडनाव ऐका : दिवेकर!

सॅम्युअल इझिकेल दिवेकर कंपनी सरकारच्या फौजेत अधिकारी होते. टिपूच्या कैदेत सापडले आणि सुटलो तर सिनेगॉग बांधीन असा नवस बोलले, अशी हकिकत त्यांच्या समाजात सांगतात. १७९६ साली ते उभं राहिलं आणि १८६० मध्ये आजच्या जागी आलं. दिवेकर बेने इस्रायली. परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं आणि वाचलेल्या सात जोडप्यांपासून हा समाज वाढला. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणे. सिनेगॉगला ते स्वतः मशीदच म्हणत. बोली मराठी, बायका नऊवारीत, नवसाला पोहे-गूळ-खोबऱ्याचा मलिदा.

१९४८ नंतर बरेचजण इस्रायलला गेले. तेव्हा वीस हजारांच्या आसपास असलेला समाज आता इथे काही हजारांवर आलाय. आणि खरी अडचण इथेच आहे. सामुदायिक प्रार्थनेला परंपरेने दहा प्रौढ पुरुष लागतात. नऊ आले तर ती पूर्ण होत नाही. आपण इंजिनियर लोक भिंतीची तडे-गळती बघतो, स्ट्रक्चर ठीक असलं की पास करतो. इथे स्ट्रक्चर ठणठणीत राहूनही इमारत बंद पडू शकते.

म्हणून मला वाटतं, नुसती वास्तू जपणं पुरेसं नाही. पुण्यातल्या लाल देवळाचे फोटो सगळेच काढतात. (ते बगदादी ज्यू डेव्हिड ससूननी बांधलं.) पण याच पुण्यात १८७४ साली ज्यूंच्या वल्हांडण सणाची पोथी हिब्रू-मराठीत छापली गेली, हे किती जणांना ठाऊक आहे? हे लोक मराठीत कीर्तनं करायचे! तो ठेवा ज्यूंचा आहे तितकाच मराठीचाही आहे. दहावा माणूस आपण होऊ शकत नाही, पण मराठी वाचक तर होऊ शकतो ना?

२०१६ साली राज्य सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, चांगलंच झालं. पण दर्जा कागदावर मिळतो, ओळख शेजाऱ्यांनी ठेवायची असते. पुढच्या वेळी अलिबागला बीचवर जाल तेव्हा इस्रायल आळीत जरूर डोकावा. तिथलं सिनेगॉग १८४८ पासूनचं आहे. आधी परवानगी घ्या, डोकं झाका, आणि तिथल्या काकांशी बिनधास्त मराठीत बोला.