शब्द नाही म्हणून रंग दिसत नाही?

प्राचीन माणसाला निळा रंग दिसतच नव्हता, असं हल्ली चांगली शिकलेली माणसंही ठामपणे सांगतात. पाठोपाठ आफ्रिकेतल्या हिंबा लोकांचा दाखला येतो. त्यांच्याकडे निळ्याला वेगळा शब्द नाही, म्हणून हिरव्या चौकोनांत ठेवलेला एकच निळा चौकोन त्यांना सापडत नाही म्हणे. शब्द नाही, तर रंगही नाही! भाषेवर जीव असणाऱ्याला हे ऐकून बरं वाटतं, कारण डोळ्यांची सत्ताही भाषेच्या हाती येते. माझाही मराठीवर जीव आहे, आणि म्हणूनच हे विधान मला खोडून काढायचं आहे.

त्याचं मूळ १८५८ सालात सापडतं. पुढे चार वेळा ब्रिटनचे पंतप्रधान झालेले विल्यम ग्लॅडस्टन हे प्राचीन ग्रीक कवी होमरचे गाढे वाचक होते. होमरचा समुद्र मद्यासारखा आहे, बैलांनाही तेच विशेषण आहे, आणि आकाशाला तो निळं म्हणत नाही, हे त्यांनी टिपून ठेवलं. निरीक्षण नेमकं होतं, निष्कर्ष मात्र घसरला. त्या काळच्या ग्रीकांची रंगदृष्टीच अर्धवट विकसित होती, असं त्यांनी ठरवलं. ह्यूगो माग्नुस या जर्मन नेत्रवैद्यानं १८७७ मध्ये हाच धागा पुढे नेला. पण नंतर त्यानंच दूरदूरच्या देशांत प्रश्नावल्या पाठवल्या, आणि वेगळा शब्द नसलेले लोकही रंगांतला फरक ओळखतात हे त्याला कबूल करावं लागलं. शिवाय होमरच्या कितीतरी आधी ग्रीसमधल्या पायलॉसच्या राजवाड्यात, ग्रीकच बोलणाऱ्या लोकांच्या भिंतींवर निळा रंग होता. तो रंग भट्टीत भाजून करावा लागे. जो रंग दिसत नाही, तो करायला भट्टी कोण पेटवेल?

आपल्याच घरात पाहा. संस्कृतातला ‘नील’ निळ्यापासून काळ्यापर्यंत पसरतो, ‘हरि’ पिवळ्या, पिंगट, हिरव्या अशा सगळ्यांना पोटात घेतो. म्हणून ती भाषा बोलणाऱ्यांना कोवळं पान आणि पिकलं पान सारखंच दिसत होतं, असं कोणी म्हणेल का?

आणि हिंबांचा तो चौकोन? तो २०११ च्या बीबीसीच्या माहितीपटातला. भाषाशास्त्रज्ञ मार्क लिबरमन यांनी त्याचा माग काढला, तेव्हा ते दृश्य प्रसिद्ध झालेल्या संशोधनातलं नसल्याचं पुढे आलं. हिंबांवर खरे प्रयोग झालेले आहेत, पण ते आंधळेपणाबद्दल काहीच सांगत नाहीत.

मग काही जण दुसरं टोक गाठतात. डोळा सगळ्यांचा सारखा, शब्द म्हणजे नुसती चिठ्ठी, आज ही चिकटवली, उद्या ती. बर्लिन आणि के या अभ्यासकांच्या १९६९ च्या पुस्तकाचा आधार यासाठी घेतात. जगातल्या भाषांच्या रंगनामांत मनमानी नाही, त्यांचा एक साचा आहे, हे त्या पुस्तकाचं म्हणणं. ते महत्त्वाचं आहेच. पण त्यावरून भाषा काहीच करत नाही, हे सिद्ध होत नाही.

ती काय करते, ते रशियन निळ्यानं दाखवलं. रशियनमध्ये गडद निळा ‘सिनी’ आणि फिका निळा ‘गलुबोय’, आणि दोहोंना मिळून एक नाव नाही. आपला आकाशी कसा, शेवटी निळ्याचाच एक प्रकार. तसं तिथे नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पडद्यावर निळ्याचे तीन चौकोन दाखवले, वर एक, खाली दोन. खालच्यांपैकी वरच्यासारखा कोणता, ते बटण दाबून सांगायचं. खालचा एक सिनी आणि दुसरा गलुबोय असला, की रशियन माणसं बटण लवकर दाबत. दोन्ही एकाच नावातले असले की उशीर होई. इंग्रजी बोलणाऱ्यांत असा फरक आढळला नाही. पुढची गोष्ट तर मला फार मोलाची वाटते. रशियनांना मनातल्या मनात आकड्यांची एक ओळ घोकायला लावली, आणि त्यांची ती आघाडी नाहीशी झाली. रंग तेच, डोळे तेच. शब्द तेवढा दुसऱ्या कामाला जुंपला होता.

म्हणजे शब्द डोळे देत नाही. डोळ्यांना सवय लावतो, आणि दोन रंगांच्या सीमेवर ती सवय कामी येते.

हे मी एका मॅचिंगच्या दुकानात अनुभवलं. आईच्या जुन्या साडीला ब्लाउजपीस हवा होता. मी म्हटलं, ‘निळसर हिरवा द्या.’ काउंटरवरच्या काकूंनी थप्पीतून दोन घड्या ओढल्या. ‘ताई, रामा पाहिजे का मोरपंखी?’ ट्यूबलाइटखाली मला दोन्ही एकच वाटले. त्या मला पायरीवर उन्हात घेऊन गेल्या. तिथे शेजारी धरल्यावर फरक लख्ख दिसला. ‘निळ्याकडं झुकतो तो मोरपंखी.’ आत आले, फळीवरच्या हिरव्या-निळ्या थप्पीकडे पाहिलं, आणि पुन्हा गोंधळले. काकूंचा हात मात्र न थांबता नेमक्या घडीवर गेला. माझे डोळे त्यांच्यापेक्षा कमी नव्हते. माझ्याकडे ते दोन शब्द वापरात नव्हते, एवढंच.

आमसुली, अबोली, चिंतामणी, पारवा हे शब्द आपण ‘डार्क’ आणि ‘लाइट’मध्ये कोंबत चाललो आहोत, याचं मला दुःख आहे. पण ते जपा म्हणताना ‘नाहीतर हे रंग दिसायचे बंद होतील’ असं खोटं भय घालू नये. कोणीही दोन कापडं शेजारी ठेवून ते खोटं पाडेल, आणि मग शब्दांची खरी बाजूही पडेल. ती बाजू या काकूंच्या हातात आहे: चटकन ओळखणं, लक्षात ठेवणं, दुसऱ्याला न दाखवता सांगता येणं.

गेल्या आठवड्यात पुन्हा त्या दुकानात गेले. गर्दी होती, काकू दुसऱ्या गिऱ्हाइकात होत्या. मी आपली हात लांबवून थप्पीतली घडी ओढली आणि म्हटलं, ‘हा मोरपंखी द्या.’ काकूंनी एकदा वर पाहिलं, कात्री उचलली आणि विचारलं, ‘ऐंशी सेंटिमीटर ना?’