शिखर नसलेलं चर्च

४ जून १९०५ रोजी वीज पडली आणि शिकागोला लागून असलेल्या ओक पार्कमधलं युनिव्हर्सॅलिस्टांचं जुनं चर्च जळून गेलं. नवं बांधायचं काम मिळालं वास्तुकार फ्रँक लॉइड राइटला. पैसा बेताचा, म्हणून त्याने काँक्रीट निवडलं आणि ते लपवलं नाही. शिखर नाही, मनोरा नाही. बाहेर ट्रामचा खडखडाट, म्हणून रस्त्याकडच्या भिंती जवळजवळ आंधळ्या. आत शिरायचं बाजूने, बुटक्या, अंधाऱ्या वाटेने. पायऱ्या चढून सभागृहात आलं की छतातल्या पिवळसर काचांमधून उजेड उतरतो, ढगाळ दिवशीही कोवळ्या उन्हासारखा. सुमारे ४०० माणसं बसतात, पण व्याख्यानपीठापासून कुणीच ४५ फुटांहून लांब नसतं. निघायची दारंही पीठाच्याच दोन्ही बाजूंना, त्यामुळे उपदेशकाकडे पाठ फिरवून कुणी जात नाही. मुक्ती सर्वांना, असं मानणाऱ्या युनिव्हर्सॅलिस्टांनी हेच बांधायला हवं होतं!

युनिव्हर्सॅलिस्टांशी विचाराने जवळ असलेल्या युनिटेरियन पंथाच्या मदतीने समाजसुधारक विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डला शिकायला गेले. या उदार धर्मविचाराशी आपलं नातं तेवढं जुनं आहे. २०१९ मध्ये युनेस्कोने वारसायादीत घेतलेल्या राइटच्या या चर्चवरचा, म्हणजे ‘युनिटी टेंपल’वरचा सविस्तर लेख आराखड्यांसह या अंकात देत आहोत. आराखडे आधी पाहा, मग लेख वाचा.